आकाशातला तो ढग इथे नाही: केनेडी स्पेस सेंटरमधलं ‘फॉरएव्हर रिमेंबर्ड’

फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरच्या व्हिजिटर कॉम्प्लेक्समध्ये ‘अटलांटिस’ यानाची इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर जून २०१५ मध्ये ‘फॉरएव्हर रिमेंबर्ड’ हे स्मृतिदालन उघडलं. ‘चॅलेंजर’ (१९८६) आणि ‘कोलंबिया’ (२००३) या अवकाशयानांच्या अपघातांत गेलेल्या चौदा अंतराळवीरांच्या वस्तू इथे वेगवेगळ्या मांडल्या आहेत. कल्पना चावला त्यांपैकी एक. त्यापुढे दोन अवशेष आहेत: चॅलेंजरच्या डाव्या कुशीचा, अमेरिकी झेंडा असलेला भाग आणि कोलंबियाच्या कॉकपिटच्या खिडक्यांच्या चौकटी. वेगळं तिकीट नाही, नेहमीच्या प्रवेशातच सगळं येतं.

यान तुटतानाचं एकही चित्र मात्र इथे लावलेलं नाही. चौदा कुटुंबांचा विचार करता हे शंभर टक्के योग्य आहे. पण त्या दोन्ही दिवशी खाली उभ्या असलेल्यांना नेमकं काय दिसलं, हे त्यामुळे दालनात कळत नाही. तेवढी तयारी घरूनच करून जावी.

सुरुवात इमारतीबाहेर करा. दारासमोर यानाची इंधनटाकी आणि दोन बूस्टर, म्हणजे उड्डाणाला जोर देणारी बाजूची रॉकेटं, यांची पूर्णाकृती प्रतिकृती उभी आहे, सुमारे ५६ मीटर उंच. बूस्टर टाकीला खालच्या बाजूला जिथे जोडलेला असतो, त्याच्या जवळच उजव्या बूस्टरचा सर्वांत खालचा सांधा येतो. त्यात फट बुजवणाऱ्या, सुमारे ७ मिलिमीटर जाडीच्या दोन रबरी ओ-रिंग (गोल कड्या) असत. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजरच्या उड्डाणाच्या वेळी हवा २ अंश सेल्सिअस होती. थंडीने ताठरलेलं रबर फट वेळेत बुजवू शकलं नाही. पहिल्याच सेकंदात काळा धूर निघाला, ५९व्या सेकंदाच्या सुमारास ज्वाळा दिसली, आणि ७३व्या सेकंदाला, जवळपास १४ किलोमीटर उंचीवर, टाकी फुटली. यान मात्र ‘उडालं’ नाही. दिशा सुटल्यावर हवेच्या माऱ्याने त्याचे तुकडे झाले. हा फरक समजून घेतला की झेंड्याचा तो तुकडा इतका ओळखू येण्याजोगा कसा राहिला, याचं उत्तर मिळतं.

टाकी फुटून झालेल्या ढगातून दोन्ही बूस्टर वेगवेगळ्या दिशांना निघाले, तेव्हा जमिनीवरच्या अनेकांना ते ठरल्याप्रमाणे सुटले असंच वाटलं. खरं तर बूस्टर सुटायला दोन मिनिटं लागतात. त्यातून आवाज नुसता खाली यायलाच किमान ४० सेकंद. डोळ्यांपुढे ढग फुललेला आणि कानांत अजून चढत्या यानाची गर्जना, अशा स्थितीत माणसं उभी होती.

आता आत जा. वरच्या मजल्यावर अटलांटिसच्या डाव्या पंखाची पुढची राखाडी कड बघा. कोलंबियाच्या याच कडेवर, आठव्या पॅनेलपाशी, उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाला टाकीवरून सुटलेला जेमतेम पाऊण किलोचा फोमचा तुकडा आदळून भोक पडलं होतं. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना त्या भोकातून तप्त वायू शिरला. कॅलिफोर्नियापासून लोकांनी यानाचे कण सुटताना चित्रित केले. टेक्सासवर यान सुमारे ६० किलोमीटर उंचीवर तुटलं, तेव्हाचं चित्रण फोर्ट हूड या लष्करी तळाच्या अपाची हेलिकॉप्टरमधूनही झालं. हौशी चित्रफितींच्या वेळा जुळवूनच तपासणाऱ्यांनी कोणता तुकडा कधी सुटला ते ठरवलं. पाहणाऱ्यांचं हे काम एखाद्या फलकावर तरी ठळकपणे यायला हवं होतं, एवढी एक तक्रार.

मग तळमजला. इथे गोंधळ एवढाच होतो की वरची घसरगुंडी आणि सिम्युलेटर यांच्या नादात निम्मा दिवस जातो आणि दालन राहून जातं. अर्धा तास हाताशी ठेवा. खिडक्यांच्या चौकटींकडे आधी लांबून, मग जवळून बघा. तापाने धातूची काय अवस्था झाली आहे, ते कुठल्याही फोटोपेक्षा स्पष्ट दिसतं. लहान मुलं बरोबर असतील तर आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा. आत बहुतेक लोक कुजबुजतातही कमी.

चॅलेंजरचे बाकीचे अवशेष केप कॅनाव्हरलच्या जुन्या क्षेपणास्त्र-विहिरींत बंद आहेत. कोलंबियाचे ८४ हजारांवर तुकडे मिळाले, यानाच्या वजनाच्या जेमतेम ३८ टक्के. सर्वसामान्य माणसाला त्यातलं जे पाहता येतं, ते मुख्यतः इथेच. बाहेर आल्यावर आवारातल्या ‘स्पेस मिरर’ या ग्रॅनाइटच्या स्मारकापाशी थांबा. तिथे चौदाही नावं कोरलेली आहेत.