आरए फॅक्टर की अँटी-सीसीपी? सांधे सुजल्यावर कोणती रक्ततपासणी काय सांगते

बोटांची पेरं सुजली आहेत, सकाळी मूठ वळायला तासभर लागतो, आणि कुणीतरी सांगितलंय, "एकदा रक्त तपासून घ्या." लॅबच्या यादीत आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी, एएनए, युरिक अ‍ॅसिड अशी नावांची रांगच असते. बऱ्याचदा ती सगळी एका पॅकेजमध्ये बांधलेली असतात. पॅकेजच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत 'संधिवात' हा शब्द गुडघ्यांच्या झिजेपासून युरिक अ‍ॅसिडपर्यंत सगळ्यालाच चालतो. इथे विषय आहे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, म्हणजे ज्याला आमवात म्हणतात त्याचा. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यासाठीच्या मुख्य तपासण्या चार, पण त्या दोन वेगळ्या जातींच्या आहेत. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शोधतात, म्हणजे आजार कोणता असू शकेल याचा माग काढतात. ईएसआर आणि सीआरपी फक्त एवढंच सांगतात की शरीरात कुठेतरी दाह चालू आहे. त्यामुळे 'अँटी-सीसीपी करू की सीआरपी' हा प्रश्नच चुकतो. निवड करायचीच तर ती त्या त्या जोडीच्या आत करायची.

जुना आरए फॅक्टर

नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० मध्ये आणि अमेरिकेत हॅरी रोझ यांनी १९४८ मध्ये याची नोंद केली. मेंढीच्या तांबड्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात गोळा होतात का, हे पाहण्याची ती चाचणी होती. पद्धत बदलली, नाव मात्र राहिलं, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ या नावानेच केला आहे. 'ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर' म्हटल्यावर तो सापडला म्हणजे आजार सापडला असंच कुणालाही वाटणार.

प्रत्यक्षात हे एक प्रतिपिंड आहे, आणि ते आपल्याच दुसऱ्या प्रतिपिंडांच्या शेपटाला चिकटतं. प्रतिकारशक्तीला दीर्घकाळ चेतवणारं काहीही असलं की ते वाढू शकतं. हिपॅटायटिस सी, क्षयरोग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग यांत ते सापडतं. डोळे आणि तोंड कोरडं पाडणाऱ्या शोग्रेन आजारात तर ते फार मोठ्या प्रमाणावर आढळतं. वय वाढलं की धडधाकट माणसांतही त्याचं प्रमाण वाढतं. सत्तरीतल्या बाईंचे गुडघे झिजले आहेत, आरए फॅक्टर थोडासा वर आहे, आणि त्या वर्षानुवर्षं 'मला आमवात आहे' म्हणत फिरतात, हे चित्र त्यामुळेच दिसतं.

अँटी-सीसीपी

प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. विशिष्ट एन्झाइममुळे त्याचं सिट्रुलिन होतं. दाह असेल तिथे हा बदल कुणाच्याही शरीरात होतो. पण आमवाताच्या बहुतेक रुग्णांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनांना परकं ठरवून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. १९९८ मध्ये डच संशोधकांनी हे सिट्रुलिनचं नातं दाखवून दिलं. पुढे सिट्रुलिन असलेली अमिनो आम्लांची कृत्रिम साखळी वळवून तिचं कडं केलं गेलं आणि त्यावरून चाचणी तयार झाली. 'सीसीपी'मधला पहिला 'सी' त्या कड्याचा. यातही चकवा आहेच: सक्रिय क्षयरोगाच्या काही रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. पण असे अपवाद आरए फॅक्टरच्या मानाने बरेच कमी.

२००७ मध्ये जपानी संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे. आमवात असलेल्या १०० जणांपैकी आरए फॅक्टर ६९ जणांत पॉझिटिव्ह येतो, अँटी-सीसीपी ६७ जणांत. म्हणजे पकडण्यात दोन्ही सारख्याच. फरक दुसऱ्या बाजूला आहे. आमवात नसलेल्या १०० जणांत आरए फॅक्टर १५ जणांना उगाच घाबरवतो, अँटी-सीसीपी ५ जणांना.

१५ आणि ५ यांतला फरक कागदावर लहान दिसतो, म्हणून एक हिशेब करून पाहा. सांधे न सुजलेल्या, नुसतं अंग दुखतंय म्हणणाऱ्या १००० लोकांची तपासणी केली आणि त्यांत १० जणांना खरा आमवात आहे असं धरलं, तर आरए फॅक्टर खऱ्या ७ जणांना पकडेल आणि सोबत सुमारे १४८ निरोगींनाही. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट आलेल्या साधारण २२ जणांपैकी एकालाच खरा आजार! अँटी-सीसीपी तेच ७ पकडेल, सोबत ५० निरोगी. बरी, पण तरीही आठातला एकच खरा.

आता दुसरे १००० लोक घ्या. सगळ्यांचे लहान सांधे खरोखर सुजलेले, आणि त्यांतल्या ३०० जणांना आमवात. इथे आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आलेल्या तिघांपैकी दोघांना आजार निघेल, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आलेल्या १०० पैकी ८५ जणांना. चाचणी तीच आहे, लॅब तीच आहे. फक्त सूज आधी तपासली गेली आहे. पॅकेज नको म्हणतो ते याचसाठी. सूज नसताना केलेली तपासणी उत्तरापेक्षा संशय जास्त देते.

म्हणून एकच करायची असेल तर अँटी-सीसीपी. सूज स्पष्ट असेल आणि दोन्ही करणं शक्य असेल तर दोन्ही, कारण काही रुग्णांत एकच पॉझिटिव्ह असते. दोन्ही जोरात पॉझिटिव्ह असतील तर निदानाला बळ येतं आणि हाडांची झीज लवकर होण्याचा धोकाही जास्त समजला जातो.

पॉझिटिव्ह म्हणजे किती पॉझिटिव्ह?

रिपोर्टवर नुसता ठळक अक्षरातला शब्द पाहू नका, आकडा पाहा. २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ठरवलेल्या निकषांत लॅबच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपर्यंतचा आकडा 'किंचित' धरला जातो, त्याला २ गुण. तिपटीच्या वर गेला तर ३. दोन्ही चाचण्यांचे गुण वेगवेगळे मिळत नाहीत, जी जास्त वर असेल ती मोजायची. वेगवेगळ्या लॅबचे किट वेगळे, एककं वेगळी, त्यामुळे एका लॅबचा ४० आणि दुसरीचा ९० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्या रिपोर्टवरच्या मर्यादेशीच ताडून पाहावं.

याच निकषांतली एक गंमत मला फार बोलकी वाटते. एकूण १० पैकी ६ गुण झाले की आमवात धरता येतो, अर्थात किमान एक सांधा डॉक्टरांनी हात लावून सुजलेला ठरवला असेल आणि सुजेला दुसरं कारण नसेल तर. दहापेक्षा जास्त सांध्यांना बाधा असेल आणि त्यांत एक तरी लहान सांधा असेल तर ५ गुण. सहा आठवड्यांहून जास्त काळ चालू असेल तर आणखी १. झाले सहा, रक्ताचा थेंबही न काढता. उलट चार लहान सांधे (३), सहा आठवडे (१), वाढलेला सीआरपी (१) एवढ्यावर बेरीज ५ वर अडते, आणि तिथे अँटी-सीसीपी खरोखर तोल फिरवते. हे निकष मुळात संशोधनासाठी आहेत, पण चाचणीची गरज कुठे जास्त आणि कुठे कमी हे त्यांतून छान कळतं.

ईएसआर की सीआरपी?

ईएसआरमध्ये उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात. पण रक्तक्षय, गर्भारपण, वय, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. ढोबळ हिशेब असा: पुरुषांत वयाच्या निम्म्यापर्यंत, बायकांत वयात १० मिळवून त्याच्या निम्म्यापर्यंत चालतो. म्हणजे साठीच्या बाईला ३५ हा घाबरण्याचा आकडा नव्हे. सीआरपी नावाचा प्रथिन-घटक यकृतात बनतो, दाह सुरू होताच भराभर चढतो आणि ओसरला की दिवसांत उतरतो. ईएसआर मात्र रेंगाळतो. मी सीआरपीच्या बाजूने आहे. निकषांत दोन्हींपैकी एक वाढलेला पुरतो, आणि गुण तरी एकच. दोन्ही नॉर्मल असूनही सांधे सुजलेले असू शकतात, हे मात्र विसरू नका. तपासणीआधीच स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर या दोघांचे आकडे खाली दिसतील. म्हणून घेतलेल्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगा.

बाकीच्या नावांबद्दल थोडक्यात. युरिक अ‍ॅसिड गाऊटसाठी, एचएलए-बी२७ मणक्याच्या आजारासाठी, एएनए मुख्यतः ल्युपससारख्या आजारांसाठी. त्यांची लक्षणं असतील तरच करावीत. सूज ताप येऊन गेल्यावर आली असेल तर चिकुनगुन्या किंवा पार्व्होव्हायरसचा विचार आधी करावा लागतो, कारण दोन्ही आमवाताची हुबेहूब नक्कल करतात.

सगळंच निगेटिव्ह आलं तर?

आमवाताच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या-पाचव्या माणसात दोन्ही प्रतिपिंडं सापडत नाहीत. आजार मात्र खराच असतो. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची सूचना यावर स्पष्ट आहे: सांध्यांत सतत सूज असेल आणि कारण सापडत नसेल, तर प्रतिपिंडं निगेटिव्ह किंवा सीआरपी नॉर्मल असली तरी तज्ज्ञाकडे पाठवायला उशीर करायचा नाही. हाताचे लहान सांधे सुजले असतील, एकाहून जास्त सांध्यांना बाधा असेल किंवा तीन महिने होऊन गेले असतील, तर तातडीने. निगेटिव्ह रिपोर्ट पाहून सुटकेचा श्वास सोडणारे आणि सुजलेली बोटं घेऊन वर्षभर थांबणारे, हेच लोक सगळ्यात जास्त गमावतात.

उलट बाजूही आहे. डच रक्तदात्यांचे साठवलेले नमुने नंतर तपासले तेव्हा, आमवात झालेल्यांपैकी अनेकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं लक्षणांच्या कित्येक वर्षं आधीच होती. म्हणून काहीही त्रास नसताना जोरात पॉझिटिव्ह आलेली अँटी-सीसीपी फेकून देऊ नये, पण त्यावर औषधंही सुरू करू नयेत. धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो, त्यामुळे ते असेल तर सोडायला मात्र याहून चांगलं निमित्त नाही.

निदान पक्कं झालं की अँटी-सीसीपी पुन्हा पुन्हा करण्याची गरज नसते. तिचा आकडा औषध लागू पडतंय का हे सांगत नाही. तेव्हा लॅबच्या फेऱ्या होतात त्या वेगळ्याच कामासाठी. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध सुरू करण्याआधी रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी-सी पाहिले जातात, नंतर ठरावीक काळाने पेशी, यकृत आणि मूत्रपिंड. सोबत सीआरपी, सूज ओसरतेय का हे पाहायला.