घोडेस्वारीने ताण जातो का? जातो, पण आधी डाव्या रिकिबीचा पट्टा मोजा

गेल्या आठवड्यात दुडकीवर (म्हणजे घोड्याच्या ठेक्यातल्या धीम्या धावेवर) खोगिरावर उठबस चालू असताना डाव्या रिकिबीच्या, म्हणजे पाय ठेवायच्या कडीच्या, पट्ट्याची बकलाजवळची शिवण उसवली. घोडीच्या मानेला मिठी मारून मी कशीबशी घसरत उतरले, ती बिचारी आपणहून थांबली, दोघींना काही झालं नाही. पण त्यानंतर रायडिंग स्कूलशी जी वादावादी झाली, तिच्यामुळे हा अनुभव आता लिहूनच टाकते. पहिल्या तासाला काय करून घेतात, कपडे कुठले घालायचे, हे सगळीकडे वाचायला मिळतं. ते परत सांगत नाही.

सुरुवात ताणासाठीच केली होती, घोड्यांचं वेड वगैरे काही नव्हतं. चाळिशी ओलांडलेली, मध्यरात्री जाग आली की डोक्यात ऑफिसचे हिशेब सुरू. चालायला जाऊन पाहिलं, तर पाय चालायचे आणि डोकं मेल लिहायचं. ध्यानाला बसले की तेच, फक्त डोळे मिटून. म्हणून निकष एकच ठेवला: जितक्या वेळाचे पैसे भरलेत, तितका वेळ ऑफिस आठवता कामा नये. या निकषावर घोडेस्वारी पहिल्या श्रेणीत पास आहे. तक्रारी पुढे आहेत आणि त्यातली एक बरीच लांब आहे.

पहिल्या काही आठवड्यांत भेटेल तिला सांगत सुटले होते, की घोड्यावर बसलं की मन शांत होतं. आता मत जरा बदललंय. घोडा नुसता चालत असतो तोवर ते खरं आहे. चार पाय एकामागून एक पडतात आणि आपण स्वतः चालताना कंबर जशी हलते, जवळपास तशीच त्या तालावर हलते. हिप्पोथेरपीत रुग्णांना घोड्यावर बसवतात, त्यात याचाच उपयोग करून घेतात. शिवाय कुणीतरी आपल्याला वाहून नेतंय हे सुख मोठेपणी सहसा वाट्याला येत नाही. पण दुडकी सुरू झाली की शांतता संपली. तिरके समोरासमोरचे दोन पाय (पुढचा डावा आणि मागचा उजवा, असे) एकदम पडतात, ठोके दोनच, आणि त्यावर घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं. टाचा खाली, हात स्थिर, नजर पुढच्या वळणावर, आणि या सगळ्यात श्वास सोडायचीही आठवण ठेवायची. एवढ्या गर्दीत ऑफिसला उभं राहायलाही जागा मिळत नाही. माझा ताण हा असा हाकलला जातो, त्याला कुणी समजावत बसत नाही.

घोड्याला आपला ताण कळतो असं सगळेच सांगतात. ऐकायला भाबडं वाटतं, पण बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ची हकिकत वाचा. हा घोडा टापा आपटून गणितं सोडवतो अशी त्याची ख्याती होती. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की गणित वगैरे काही नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या अगदी बारीक हालचाली पाहून तो टापा थांबवत होता. समोर उभ्या माणसाचं जो एवढं वाचतो, त्याच्या पाठीवर आपण श्वास कोंडून बसलो तर त्याला काय काय कळत असेल! आमची कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी, मी आवळून बसले की मान ताठ करते आणि कान मागे फिरवते. लांब श्वास सोडला की तिची चाल सैलावते. ऑफिसात चेहरा सांभाळून दिवस काढता येतो, इथे ती सोय नाही.

आणि सगळ्यात परिणामकारक भाग तर खोगीर चढवण्याआधीच असतो: खरारा. आधी गोल गोल घासून धूळ आणि सुटे केस वर आणायचे, मग ब्रशने केसांच्या दिशेने झटकायचे, खुरांतली माती टाचेकडून टोकाकडे उकरून काढायची. बहुतेक जणी तयार घोडा मागतात आणि थेट चढतात. मी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार काकांकडून हे काम मागून घेतलं, कारण त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. काकांनी एकदा तिच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे माझा हात ठेवायला लावला. निवांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा ठोकतं. तिथे हात ठेवून उभं राहिलं की आपोआप आपलाही श्वास लांबतो. वेळ कमी असेल तर मी एखादे वेळी स्वारी सोडेन, खरारा सोडणार नाही.

आता पट्टा.

सुरुवातीपासून माझ्या डाव्या पायातून रिकीब निसटायची. ती पकडायला मी डावीकडे कलायचे आणि तास संपला की उजव्या कमरेत कळ यायची. सर मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडायचे, “मॅडम, डावीकडे जाताय! रिलॅक्स! खांदे सोडा, रिलॅक्स!” ओरडून रिलॅक्स म्हटल्याने जगात आजवर कुणी रिलॅक्स झालेलं नाही. मी म्हटलं, पट्टे कमीजास्त असतील. त्यांनी दोन्हीकडची भोकं दाखवली, नंबर एकच होता. “दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या लेडीजचं असंच होतं, ताण अंगात साचतो.” म्हणजे ज्या ताणासाठी मी पैसे भरत होते, त्याच्याच नावावर हे बिलही फाडलं. मग फिजिओकडे गेले. त्यांनी माझे पाय मोजले, दोन्ही सारखे निघाले. तो खर्च वेगळा.

एकदा लंजच्या दोरीवर (सर मध्ये उभे, घोडा लांब दोरीला गोल फिरतो) रिकिबींशिवाय तास झाला आणि मी सरळ बसले. सर म्हणाले, “आज मस्त!” पुढच्या तासाला रिकिबी परत आल्या आणि मी परत डावीकडे. मांड पक्की असेल तर पायांवाचून फारसं अडत नाही, याचा मोठा दाखला डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांचा आहे. १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले, घोड्यावर चढा-उतरायला मदत लागायची. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेत) बायकांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला आणि पुरुषांसोबत एकाच स्पर्धेत उतरून त्यांनी रौप्य मिळवलं. १९५६ मध्ये पुन्हा रौप्य. माझी मांड काही त्या तोडीची नाही, पण रिकिबी काढल्यावर सरळ आणि लावल्यावर वाकडी, असं होत असेल तर दोष बाईत शोधायचा की रिकिबीत? माझा संशय तेव्हापासून पक्का होता, फक्त पुरावा नव्हता.

शिवण उसवली आणि पुरावा हातात आला. तुटलेला पट्टा आणि त्याचा जोडीदार टॅकरूमच्या (खोगिरं-पट्टे ठेवायच्या खोलीच्या) फरशीवर शेजारी शेजारी पसरले. मोजायचं भोक तेच, पण डावा पट्टा चांगला अडीच सेंटिमीटर लांब! म्हणजे जवळपास एका भोकाचा फरक. कारण साधं आहे. घोड्यावर डावीकडूनच चढायची रीत आहे (कमरेला डावीकडे तलवार असायची म्हणून, असं सांगतात). चढताना अख्खं वजन डाव्या पट्ट्यावर येतं आणि दिवसभर येणारा प्रत्येक जण तेच करतो. चामडं हळूहळू ताणत जातं, भोकाचा नंबर मात्र तोच राहतो. उपायही जुनेच आहेत: पट्टे नेमाने डावे-उजवे बदलायचे आणि जमिनीवरून लटकत चढण्याऐवजी चढायचा ठोकळा वापरायचा. ठोकळ्याने घोड्याच्या पाठीवरचा ओढाही वाचतो. आतून नायलॉनची पट्टी घातलेले पट्टे घेतले तर ते फारसे ताणतच नाहीत.

व्यवस्थापक म्हणाले, “चामडं आहे मॅडम, ताणणारच.” ताणतं हे माहीत होतं तर मला वाकडी का ठरवत होतात, असं विचारलं, तर म्हणे तसं कुणी म्हणालंच नाही. फिजिओच्या बिलाचा विषय काढल्यावर त्यांना अचानक फोन आला. नंतर एक तास मोफत देऊ केला. प्रश्न तत्त्वाचा होता, पण तास तो तास. घेतला.

मी आता स्वतःचे नायलॉनवाले पट्टे घेऊन जाते, पिशवीत मोजपट्टीही असते. आधी हसणाऱ्या दोघीतिघी आता पट्टे उसने मागतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. कुमैत घोडीवर मी आता सरळ बसते, पण दुसऱ्या उंच घोड्यावर अजूनही थोडी कलते. काका म्हणतात, त्याच्या खोगिराचं भरण एका बाजूला दबलंय, आणि माणसांसारखी घोड्यांचीही एक बाजू पक्की असते. तेव्हा सगळंच खापर पट्ट्यावर फोडता येणार नाही. बहुतांश फोडता येईल.

बाकी पटकन. हेल्मेट घोडेस्वारीचंच घ्या, सायकलचं नको. सेकंडहँड तर मुळीच नको, कारण आदळलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी आतून गेलेलं असू शकतं. काटकसर करायची तर ब्रीचेसवर (स्वारीच्या घट्ट विजारीवर) करा. सध्या मी साध्या लेगिंगवर भागवते, मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नसली की झालं. बुटांना छोटी टाच हवी, पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून. दुडकीसाठी चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्या, हे कुणी सर सांगत नाहीत. चढण्याआधी तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) तपासा आणि थोडं चालून झाल्यावर पुन्हा तपासा, कारण काही घोडे तंग आवळताना पोट फुगवून ठेवतात. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, सावधपणे शिकवणाऱ्या ठिकाणीही माणसं पडतात.

पॅकेज संपलंय. नवं घेतलेलं नाही, सध्या एकेका तासाचे पैसे देते. ते महाग पडतं, पण चढायचा ठोकळा आणून ठेवल्याशिवाय आगाऊ पैसे देणार नाही, असं सांगून आलेय. व्यवस्थापक “बघू” म्हणालेत.