डॉकरचे लॉग: जेसन-फाईल की जर्नलडी?

डॉकर ॲप्सना कंटेनर नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवतो, आणि त्यांच्या नोंदी (लॉग) कुठे साठवायच्या ते लॉगिंग ड्रायव्हर ठरवतो. जेसन-फाईल आणि जर्नलडी, दोन्ही ड्रायव्हर मी वापरलेत. लॉग दाखवणारी 'डॉकर लॉग्ज' ही कमांड दोन्हींवर चालते, त्यामुळे एरवी फरक जाणवतही नाही. जाणवतो तो काहीतरी कोसळल्यावर.

जेसन-फाईल हा डीफॉल्ट, आणि सरळमार्गी. होस्टवर (डॉकर चालतो त्या मशीनवर) प्रत्येक कंटेनरची एक फाईल, टेल कमांड लावा आणि येणाऱ्या ओळी बघत बसा. मॅक्स-साइझ (फाईलची कमाल मर्यादा) दिली नाही तर ती डिस्क खाते, पण ते एकदा सेट केलं की मिटलं. मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने: कंटेनर काढला की त्याची फाईलही जाते. आमच्याकडे प्रत्येक डिप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना) कंपोज हे डॉकरचं टूल जुना कंटेनर काढून नवा उभा करतो. रात्री सर्व्हिस पडते, कुणीतरी घाईघाईत नवी इमेज (कंटेनर ज्यापासून बनतो तो साचा) चढवतं, आणि सकाळी कारण शोधायला बसावं तर समोर नव्या कंटेनरचा कोरा लॉग. ज्याची साक्ष काढायची तोच पसार!

जर्नलडीमध्ये ओळी होस्टच्या जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सामायिक नोंदवहीत जातात. कंटेनर गेला तरी जर्नलसीटीएल या कमांडने त्याच्या नावावर गाळून काढता येतात. वर कर्नलच्या नोंदीही त्याच रांगेत. एक कंटेनर १३७ कोड (प्रक्रिया जबरदस्तीने मारली गेल्याची खूण) देऊन मरायचा, त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये अवाक्षर नाही. फिल्टर काढून पाहिलं, तर शेवटच्या ओळीच्या खालीच कर्नलने लिहिलेलं: 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी', म्हणजे कंटेनरची मेमरी मर्यादा संपली होती.

जर्नलडीलाही खोडी आहेत म्हणा. सगळ्या कंटेनरच्या ओळी डॉकर डेमन या पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रॅममार्फत जातात, म्हणून रेट लिमिटही (ठरावीक वेळात किती ओळी घ्यायच्या ती मर्यादा) सगळ्यांत मिळून एकच: डीफॉल्ट ३० सेकंदांत १०,००० ओळी, डिस्क मोकळी असेल तर काही पट जास्त. एकाने बडबड केली की शांत शेजाऱ्याच्या ओळीही गळतात. जर्नलमध्ये 'सप्रेस्ड' (ओळी गाळल्या) दिसलं तर बर्स्ट, म्हणजे ही ओळींची मर्यादा, वाढवा. आणि व्हार-लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरी आहे ना ते बघून घ्या. नसेल तर अनेक सिस्टिमवर डीफॉल्ट सेटिंगमध्ये सगळं रॅममध्ये राहतं आणि रीबूटला साफ होतं. ॲप कंटेनरच्या आतल्या फाईलमध्ये लिहीत असेल तर मात्र दोन्ही ड्रायव्हर आंधळेच; ते स्टँडर्ड आउटपुटवर वळवावं लागतं.

एकच होस्ट, क्वचित डिप्लॉय, असं असेल तर जेसन-फाईल पुरेल बहुधा. आमच्याकडे जर्नलडीच आहे. बदलणार असाल तर लक्षात घ्या, डेमनच्या सेटिंगमधला बदल जुन्या कंटेनरना लागू होत नाही, ते नव्याने बनवावे लागतात. तेव्हा त्यांचे जेसन लॉग आधी कॉपी करून ठेवा.