वायफाय ६ राउटर, काही महिने वापरून: वेग झकास, पण तोंडात मूग

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला हा राउटर दिवाळी उलटली तरी बिनतक्रार चालू आहे. मागच्या खोलीतही व्हिडिओ कॉल अडकत नाही. वेगाबद्दल एवढं पुरे.

तक्रार वेगळीच आहे. फायबरवाले भिंतीवर जो ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) लावून जातात तो बहुतेक वेळा स्वतःही राउटरच असतो. त्याच्या मागे आपला जोडला की डबल नॅट, म्हणजे एकामागे एक दोन राउटर पत्ते बदलतात आणि घरात दोन वेगळी नेटवर्क होतात. नेट चालतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण प्रिंटर ओएनटीच्या वायफायवर आणि मोबाईल नव्या राउटरवर असला की प्रिंटर सापडतच नाही. सीसीटीव्हीसाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून येणारी जोडणी कॅमेऱ्याकडे वळवा), बाहेरून कॅमेरा दिसत नाही तो नाहीच.

राग याचा येतो, की राउटरला हे कळलं होतं! दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ होता; जोडल्याबरोबर याने गुपचूप स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१ करून घेतला. टक्कर टाळली, छान केलं. मग सांगायला काय झालं होतं? ॲपमध्ये हिरवी खूण, ‘सर्व ठीक’. सशुल्क सुरक्षा प्लॅनची आठवण मात्र हेच ॲप न चुकता करून देतं. ॲपलचे एअरपोर्ट राउटर (२०१८ साली बंद झाले) डबल नॅट दिसलं की पिवळा दिवा लुकलुकवायचे, आणि नको असेल तर ती सूचना बंदही करता यायची.

शेवटी कंपनीकडून ओएनटी ब्रिज मोडवर (राउटरचं काम बंद, नुसतं नेट पुढे देणं) टाकून घेतला, पीपीपीओईचा (कंपनीच्या लॉगिनचा) पासवर्ड राउटरमध्ये भरला. प्रिंटर लगेच सापडला. कॅमेरा तरीही नाही, कारण राउटरच्या वॅनला (इंटरनेटकडच्या बाजूला) आता १०० ने सुरू होणारा पत्ता मिळाला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून कंपन्यांच्या सीजीनॅटसाठी राखलेला आहे. म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक, आणि तिथलं पोर्ट फॉरवर्डिंग आपल्या हातात नाही. यावर स्टॅटिक आयपीचे (स्वतःच्या कायमच्या सार्वजनिक पत्त्याचे) पैसे भरा, नाहीतर कॅमेऱ्याचं क्लाउड वापरा. इथे कायमचा लाल दिवा पेटवला तर लोक त्यावर चिकटपट्टी लावतील. पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर ‘या कनेक्शनवर हे चालणार नाही’ एवढी ओळ असती तरी माझा रविवार वाचला असता.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर जोडल्यावर आधी वॅनचा पत्ता बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कंपनीकडे ब्रिज मोड मागा; देत नसतील तर राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय देण्यापुरता) टाका आणि ओएनटीचं वायफाय बंद करा.