फळलेला वड की घाणेरीची जाळी?

फळं खाणारी रंगीत पाखरं कॅमेऱ्यात टिपायला सह्याद्रीच्या पायथ्याला दोन जागा हमखास मिळतात: फळलेला वड आणि घाणेरीच्या (टणटणीच्या) झुडपांची जाळी.

पक्ष्यांची यादी वाढवायची असेल तर वडाला तोड नाही. लाल फळांनी लगडलेल्या एकाच झाडावर हळद्या, पर्णपक्षी, पळसमैना, बुलबुल येतात; शिवाय तांबट आणि हरियाल. एका वडाची फळं साधारण एकदमच पिकतात आणि थोड्या दिवसांत संपतात. शेजारच्या वडाची वेळ मात्र निराळी असू शकते, म्हणून खाली पडलेली ताजी फळं बघत हिंडावं.

अडचण आहे ती कोनाची. पक्षी वीसेक मीटर उंच, मागे पांढरं आभाळ. कॅमेरा आभाळाचा उजेड धरून चालतो आणि हळद्याचा पिवळा रंग काळवंडतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +1.3 केलं तर पिवळा सुटतो, पण पानांच्या कडा आभाळात विरतात. एवढं करून मिळतं काय, तर पोट आणि शेपटीची खालची बाजू, डोळा क्वचितच. त्यात 400 मिमीच्या लेन्सवर फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात हळद्या फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम सातवा भाग व्यापतो. फोटो क्रॉप केला, म्हणजे कडा कापून पक्षी मोठा केला, की पिसांचा बारकावा गेलाच. माझ्यापुरता निकाल इथेच घाणेरीच्या बाजूने लागला.

घाणेरी परदेशी आणि जंगलाला त्रासदायक, ती कुणी मुद्दाम लावू नये. पण पावसाळ्यानंतर तिच्या काळ्याजांभळ्या फळांवर शिपाई बुलबुल, लालबुड्या बुलबुल आणि चष्मेवाले येतात ते थेट नजरेच्या उंचीवर. आठ मीटरवर बसलं तरी बुलबुल फ्रेमच्या रुंदीचा पाव भाग भरतो, डोळ्यात चमक येते, मागची हिरवळ मऊ होते. इथे त्रास काड्यांचा: ऑटोफोकस पुढच्या काडीला चिकटतो. फोकस सिंगल पॉइंटवर (एकाच बिंदूवर) ठेवा आणि जाळीच्या आत न शोधता बाहेर डोकावणाऱ्या पिकल्या घोसावर आधीच फोकस करून थांबा. बुलबुल फळ अख्खं गिळतो आणि लगेच उडतो, तेव्हा शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या खाली नेऊ नका. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी जाळीच्या पूर्वेला बसायचं. घोस पुढे यावा म्हणून फांद्या वाकवू नयेत. आत घरटं असू शकतं.

हळद्याच हवा असेल तर अर्थात वडाशिवाय इलाज नाही. मग घाटउतारावरचा वड शोधा, ज्याचा शेंडा वरच्या रस्त्यावरून समोर दिसतो. तिथे आभाळाऐवजी पलीकडचा डोंगर मागे येतो आणि वडाबद्दलची माझी निम्मी तक्रार उरत नाही.