पावसाळ्यापासून वापरात असलेला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: सेन्सर चांगला होता, अर्थिंग चुकलेलं होतं

गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारा, हजार रुपयांच्या आत मिळणारा ईएलएम३२७ चिपच्या प्रकारचा ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा का? गाडी मॉडिफाय केलेली असेल तर जरूर घ्या. पण नुसते बिघाडाचे कोड वाचून पुसायचे असतील तर राहू द्या, ते काम कोपऱ्यावरचं गॅरेजही करून देतं. खरा उपयोग आहे तो लाइव्ह डेटाचा, म्हणजे इंजिन चालू असताना सेन्सरचे बदलते आकडे बघण्याचा, आणि तो नीट वाचायला थोडा वेळ द्यावा लागतो.

माझी गाडी सेकंडहँड घेतलेली, १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक. आधीच्या मालकाने हवेचा कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि बंपरखाली १८ वॉटचे दोन एलईडी दिवे बसवून घेतले होते. पावसाळा लागला आणि चेक इंजिनचा दिवा अधूनमधून पेटू लागला. अ‍ॅव्हरेज पडलं, प्लग काढले तर काळे. कोड पी०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. एका गॅरेजने मॅप सेन्सर बदलून दिला, दुसऱ्याने कोन फिल्टरला दोष दिला. फिल्टरचं कारण मला पटेना. ज्या गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असतो तिथे फिल्टर आणि पाइप बदलले की मोजमाप बिघडू शकतं. माझ्या गाडीत मॅप सेन्सर आहे. तो थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजतो. थ्रॉटलच्या अलीकडे फिल्टर कोणता आहे याने त्याच्या मोजमापात सहसा एवढी गडबड होत नाही.

स्कॅनर आल्यावर सर्वात आधी केली ती सोपी चाचणी: इग्निशन ऑन, इंजिन बंद. या वेळी मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६-८७. माझ्याकडे पुण्यात ९४ आला, अगदी बरोबर. इंजिन सुरू केल्यावर आयडलिंगला ३१, तोही ठीक. दिवसा सगळं सुरळीत, म्हणूनच गॅरेजात काही सापडत नव्हतं.

उलगडा झाला ताम्हिणी घाटातून परतताना. धुकं होतं म्हणून खालचे दिवे लावले, शेजारी बसलेल्या भावाच्या हातात फोन होता आणि त्यावर आलेख चालू होता. दिवे लावताच कूलंटचं तापमान ९१ वरून ७५ वर आलं. थांबून बघितलं तर आयडलिंगला मॅप ३६-३७. दिवे बंद केले की आकडे पूर्ववत. पाण्याचं तापमान एका क्षणात सोळा अंश उतरू शकत नाही, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. हवेच्या तापमानाचा आकडाही त्याच वेळी थोडा हलत होता. तीन सेन्सर एकाच सेकंदाला बिघडत नाहीत. तिघांत समान काय ते शोधायचं. समान होती ती अर्थची वायर.

या सेन्सरांची अर्थ वायर बारीक असते आणि ती थेट ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाते. तिच्यातून जेमतेम काही मिलिअँपिअर वाहावेत अशी तिची रचना. हेडलाइटमागे टेप सोडवली तेव्हा दिसलं, की दिवे बसवणाऱ्याने हीच वायर सोलून दिव्यांचं अर्थिंग तिला जोडलेलं होतं. ३६ वॉटच्या दिव्यांचा सुमारे ३ अँपिअर प्रवाह तिच्यातून जात होता. वायर आणि जोड मिळून ०.१ ओहमचा अडथळा धरला तरी सेन्सरकडचं टोक ०.३ व्होल्टने वर उचललं जातं. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन सेन्सरच्या कपलरमधल्या अर्थला लावली, दिवे पेटवले. आकडा तेवढाच आला. चांगल्या सेन्सर-अर्थला हा फरक ०.०५ व्होल्टच्या आत असावा.

आता इग्निशनच्या चाचणीत हे का सापडत नाही, तेही सांगतो, कारण इथेच चांगले चांगले अडकतात. सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात. अर्थ ०.३ ने उचललं की सेन्सरच्या वाट्याला ४.७ च राहतात, आणि त्याच प्रमाणात त्याचा सिग्नलही कमी होतो. दाब जास्त असताना सिग्नल ४ व्होल्टच्या आसपास असतो. तिथे एकीकडे ०.३ वाढतात आणि दुसरीकडे जवळजवळ तेवढेच कमी होतात, म्हणून दिवे लावूनही आकडा जेमतेम हलतो. आयडलिंगला सिग्नल सव्वा व्होल्टच्या घरात, तिथे वाढ जवळजवळ पूर्ण उरते. ईसीयूला वाटतं हवा जास्त येते आहे, तो पेट्रोल वाढवतो, मग ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कमी करतो. माझा लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दीर्घकालीन दुरुस्ती, उणे १८ टक्क्यांपर्यंत गेला होता. त्याहून काळजीची गोष्ट रेडिएटरच्या फॅनची: ईसीयूला इंजिन थंड भासत असल्याने फॅन उशिरा लागायचा, तोही घाट चढताना.

दुरुस्तीला स्वतंत्र रिले, फ्यूज आणि बॉडीला रिंग लगने घट्ट केलेली जाड अर्थ वायर एवढंच लागलं. सोललेली वायर सोल्डर करून हीट-श्रिंक नळीत बंद केली. ट्रिम आता तीनच्या आत राहतो, अ‍ॅव्हरेज पूर्वीसारखं झालं. काढलेला जुना मॅप सेन्सर मी परत लावला, आणि तोच आजवर चालतो आहे.

स्कॅनरबद्दलच्या तक्रारीही आहेत. खोक्यावर ‘१.५ आवृत्ती’ लिहिलेले नग सरसकट नक्कल असतात. मूळ चिप बनवणाऱ्या कंपनीने ती आवृत्ती काढलीच नव्हती. माझाही तसलाच. एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त आकडे मागितले की आलेख मागे पडतो आणि वर सांगितलेली उडी दिसतच नाही, म्हणून मोजकेच निवडा. एअरबॅग, एबीएस यातलं काही माझ्या नगावर वाचता येत नाही. आणि सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनला बॅटरीचा सप्लाय कायम असतो, तेव्हा गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा. आयफोन असेल तर साध्या ब्लूटूथऐवजी बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) किंवा वायफायचा नग बघून घ्या.

दुसऱ्याने मॉडिफाय केलेली गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा हा खिशात असू द्या. कोड पुसून दिवा विझवता येतो, पण पुसल्यावर रेडिनेस मॉनिटरही (गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या ज्या चाचण्या घेते त्यांच्या नोंदी) शून्यावर येतात आणि बऱ्यापैकी गाडी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. ते अपूर्ण दिसले तर व्यवहार करण्याआधी विचारा, की कोड का पुसले किंवा बॅटरी कशासाठी काढली.