तीन पौंडांचा चाप

माझी रायफल रेमिंग्टन ७००, थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची, नव्वदच्या दशकातली. इथे पेनसिल्व्हेनियात शेजारच्या आजोबांच्या ओळखीतून सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने ट्रिगरमध्ये, म्हणजे चापाच्या यंत्रणेत, इतकी वर्षं तेल ओतलं होतं की आत त्याचा गोंद झालेला. मी दातांची डॉक्टर. चाप ओढताना मला अक्कलदाढच आठवायची. हलत नाही, हलत नाही, जरा सरकल्यासारखी वाटते आणि आपण बेसावध असताना एकदम निघते. चाप ओढायला लागणारा जोर आजोबांच्या काट्यावर सव्वापाच पौंड भरला.

साफ करून भागलं असतं कदाचित. पण या मॉडेलच्या जुन्या वॉकर ट्रिगरवरून, चाप न ओढताच गोळी सुटते म्हणून, इथे वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झालेत. नंतरच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफलीही २०१४ मध्ये कंपनीने परत मागवल्या. जोडणीत चिकटद्रव जास्त लागल्याचं कारण होतं. म्हटलं, बदलूनच टाकू.

टिम्नीचा नवा ट्रिगर घेतला. ॲरिझोनातल्या फीनिक्सची कंपनी, १९४६ पासून हेच करते. किंमत दोनशे डॉलरच्या आत, सेफ्टी (चुकून गोळी सुटू न देणारी खटकी) त्यातच आलेली. दीड ते चार पौंडांपर्यंत कमीजास्त करता येतो. कारखान्यातून तीनवर लावून येतो.

गावातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्याने तीन आठवडे सांगितले, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच बसले. रायफल रिकामी आहे ना, दोनदा पाहिलं. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढला, खालचे स्क्रू सोडले, नळीसकट वरचा भाग लाकडातून उचलला. ट्रिगर दोन पिनांवर असतो. पिना सहज निघाल्या. रडवलं ते बोल्ट अडवणाऱ्या पट्टीच्या इवल्याशा स्प्रिंगने. टणकन उडाली ती थेट फ्रिजखाली. वीस मिनिटं जमिनीवर पालथी. बसवताना दवाखान्यातला चिमटा कामी आला (धुऊन परत नेला, काळजी नसावी). पुढे सेफ्टीची पट्टी लाकडाला घासत होती. सँडपेपरने आतून किंचित घासलं आणि ती मोकळी झाली. एकूण दीड तास, त्यातला अर्धा त्या स्प्रिंगचा.

यानंतरची तपासणी कुणी टाळू नये. रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात आपटून बंद केला, दस्ता रबरी चटईवर ठोकला, सेफ्टी लावून चाप ओढला, सोडला, मग सेफ्टी काढली. एकदाही आपोआप सुटली नाही. तेव्हा कुठे काडतुसाचा डबा उघडला.

आता चाप सरकतच नाही. दाब वाढतो आणि काचेची कांडी मोडावी तसा सुटतो. शंभर यार्डांवर माझ्या तीन गोळ्या दोन इंचांत पडायच्या, आता सव्वा इंचात पडतात. नळी तीच, गोळ्या त्याच. आधी शेवटच्या क्षणी मीच रायफल हिसकायचे.

दोन पौंडांवर आणायचा मोह झाला होता. नाही आणला. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पहाटे, केशरी जाकीट आणि जाड हातमोजे घालून, गारठलेल्या बोटाला चापाचा अंदाजच राहत नाही. निशाणेबाजीच्या बाकावर दोन पौंड ठीक, हरणामागे तीनच बरे. आणि नवी रायफल घेणार असाल तर आधी दुकानात, विचारून, रिकामा चाप ओढून बघा. टिका टी३एक्ससारख्या रायफलीचा मूळचाच इतका छान असतो की हा खटाटोप लागत नाही.

आमच्या आजोळी, चंदगडकडे, उसात शिरणाऱ्या डुकरांसाठी मामाकडे ठासणीची बंदूक होती. तिचा चाप किती पौंडांचा, असं कुणी विचारलं नाही. उडाली की मामा खूश.

शेजारच्या आजोबांनी परवा माझी रायफल मागून घेतली, चारदा रिकामा चाप ओढला आणि काही न बोलता परत दिली. काल त्यांच्या दारात फीनिक्सहून आलेला खोका होता. स्प्रिंग बसवायला मला बोलावलंय. चिमटा घेऊन ये म्हणाले.